बोटीवरच्या बाईची ओटी

"नवरा हाय का तिला, विचार गो."

सासूबाई हातात नारळ घेऊन उभ्या होत्या आणि समोर पाटावर बसलेली एडिथ माझ्याकडे बघून हसत होती. आता काहीतरी गंमत होणार, असं तिला वाटत असावं. सत्तरी ओलांडलेली, अंगानं भरलेली, पांढऱ्या केसांचा बॉयकट केलेली बाई. कॅनडाहून निघून बोटीनं अर्धं जग फिरत आमच्या ओट्यावर येऊन पोचली होती. तिला नवऱ्याचं कसं विचारायचं, मला समजेना. तरी आडवळणानं विचारलं.

एडिथनं हसणं थांबवलं. म्हणाली, "होता. ही सफर आम्ही दोघांनी मिळून ठरवली होती. तो गेला. मग मी एकटीच आले."

मी ते मराठीत सांगितलं. शेजारची बेबी हळदीकुंकवाचं ताट धरून उभी होती. तिनं ते नकळत स्वतःकडे ओढून घेतलं. बाकीच्या दहा बायकांच्या ओट्या भरून झाल्या होत्या. त्या आपापली गाठोडी मांडीवर घेऊन फोटो काढून घेत होत्या. राहिली होती एकटी एडिथ.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मला लग्न होऊन मुंबईत आमच्या तांडेलवाडीत येऊन थोडेच दिवस झाले होते. वाडी गोदीच्या भिंतीला चिकटून. पूर्वी भिंतीपलीकडे आमच्या होड्या लागायच्या. मग प्रवासी बोटींसाठी नवा धक्का बांधायचं ठरलं, पाण्यात खांब रोवले गेले आणि होड्यांना लांब दुसऱ्या बंदरावर जागा मिळाली. तिथं जाऊन यायचाच खर्च इतका व्हायचा, की एकेकानं होडी विकली. माझे सासरे, ज्यांना सगळी वाडी नाखवा म्हणायची, त्यांनी सगळ्यांत शेवटी विकली. नवऱ्यानं बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली. आणि मग त्या धक्क्याला बोटी लागायला लागल्या.

पांढऱ्याशुभ्र, सात-आठ मजली बोटी. सकाळी उठून खिडकी उघडावी, तर आभाळाच्या जागी बोटच. पेपरात यायचं, एकेका बोटीमागं शहराला अमुक इतका फायदा. बोट लागायची त्या दिवशी टॅक्सीवाले गाड्या धुऊन रांगा लावायचे, शाली विकणारे, मोत्यांच्या माळावाले, नकाशेवाले सगळे फाटकाबाहेर डोळे लावून बसायचे. आणि एसीच्या बसमध्ये बसून पाहुणे त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जायचे. बसचं भाडं बोटीवरच भरलेलं, जेवण बोटीवरचं, खरेदीही ठरलेल्या दुकानातच. फायदा शहराला होत असेल, पण तो आमच्या भिंतीवरून उडी मारून पुढं जायचा.

मी इंग्रजी बोलायची म्हणून या पाहुण्यांना हिंडवून आणणाऱ्या एका लहानशा कंपनीत मला काम मिळालं होतं. कंपनीचे मालक कामत. त्यांच्या डोक्यात कल्पना आली, की पाहुण्यांना कोळ्याच्या घरी जेवायला न्यायचं. घर आमचंच हवं होतं, कारण वाडीत एवढा लांबरुंद ओटा दुसऱ्या कुणाचा नव्हता. आणि स्वयंपाक एका चुलीचं काम नव्हतं. भाकऱ्या बेबीकडं, कोलंबी पलीकडच्या घरी, सोलकढी आणखी तिसरीकडं, अशा सात घरांत चुली पेटणार होत्या. सात घरांतल्या बायकांनी मासळीची टोपली डोक्यावरून उतरवून बरेच महिने झाले होते. माझ्या तोंडाकडं सगळ्या आशेनं बघत होत्या.

नाही म्हणाल्या त्या एकट्या सासूबाई.

"या घरानं कदी जेवान इकला नाय," त्या म्हणाल्या. "दारात आयला तो पावना. त्याच्याकडनं पैसं घेऊ? मंग खानावलीचा बोर्ड लाव की."

चांगुणाबाई तांडेल यांचं नाही म्हणजे नाहीच असायचं. नाखव्यांनीसुद्धा लग्नापासून ते कधी मोडून पाहिलं नव्हतं. सातही बायका येऊन विनवून गेल्या. शेवटी सासूबाईंनीच वाट काढली. कंपनीनं काय द्यायचं ते मला द्यावं, मी सात घरांत वाटावं, त्यांच्या कानावर आकडा येऊ नये. ओट्यावर बसेल तो त्यांचा पाहुणा. आणि पाहुणी बाई आमच्या घरून ओटी भरून घेतल्याशिवाय जाणार नाही.

"पन बघू," त्या म्हणाल्या. "मन मानला तर पुढं. नायतर बंद."

कामत साहेबांना ओटीची कल्पना भयंकर आवडली. फोटो फार छान येतील, म्हणाले. नाखव्यांनी जाळं विणत बसावं, ही सूचनाही त्यांचीच. होडी तर विकलेली. नाखवा बिचारे सराव म्हणून आधी आठवडाभर एकच जाळं घेऊन बसायचे, दुपारी विणलेलं संध्याकाळी उसवून ठेवायचे. "जन्मात एवढा निकामी धंदा केला नाय," असं मला एकटीला गाठून म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

तर पहिल्याच पंगतीला, म्हणजे एडिथ आली त्या दिवशी, बोटीच्या कचेरीतली बाई स्वतः जेवायला होती. तिच्या मनात भरलं, तर हिवाळाभर येणाऱ्या प्रत्येक बोटीची एक बस आमची. बेबीनं तर पहिल्या दोन भाकऱ्या घाईत करपवल्या. पण जेवण असं काही जमून आलं, की विचारू नका. एका साहेबाला बोंबलाचा काटा खायचा असतो हे पटेना, तर नाखव्यांनी त्याच्यासमोर अख्खा बोंबील तोंडात घालून दाखवला. एडिथनं चमचा बाजूला ठेवून पाची बोटांनी कालवण-भात खाल्ला. मनगटापर्यंत रस्सा ओघळला, तशी सासूबाई तिच्यावर खूश. मला म्हणाल्या, "हिला कुनीतरी चांगला वळन लावलंय." कचेरीतल्या बाईनं भाकरीचा शेवटचा तुकडा मोडतानाच कामत साहेबांना मान डोलवून होकार दिला. आता उरला होता सासूबाईंचा होकार.

आणि त्याच वेळी एडिथच्या नवऱ्याची गोष्ट निघाली.

सासूबाईंनी नाखव्यांकडं पाहिलं. नाखवा जाळ्यात मान घालून बसले. मग सासूबाईंनी बेबीकडं पाहिलं, तिनं खाली पाहिलं. विधवेची ओटी भरत नाहीत. आमच्या वाडीत कुणी भरली नव्हती, मीही कुठं पाहिली नव्हती. एडिथला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं इतर बायकांचं बघून शर्टाचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरून झोळी केली होती आणि ती तशीच धरून बसली होती.

"एकटी आयली?" सासूबाईंनी विचारलं. "एवढा दर्या ओलांडून?"

"हो. एकटीच," मी म्हटलं.

"घरी कोन हाय?"

मी विचारलं. एडिथ म्हणाली, एक मांजर होतं, ते शेजारणीला देऊन आलेय.

सासूबाई हातातला नारळ ठेवून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात एक हिरवा खण होता, लाल काठाचा. इतरांना दिलेले खण मी बाजारातून गठ्ठ्यानं आणलेले होते. हा त्यांच्या माहेरचा होता, शिवायचा राहून गेलेला.

"आन ते ताट," त्या बेबीला म्हणाल्या. "जिला कुनी नाय तिचीच भरायची नाय, हा कंचा न्याय? आमी आता तिचं माहेर."

त्यांनी एडिथच्या कपाळाला कुंकू लावलं. शर्टाच्या झोळीत खण, नारळ, हळकुंड, सुपारी घातली आणि वर ओंजळभर तांदूळ. एडिथनं मला विचारलं, हे काय आहे? ओटीला इंग्रजीत शब्द कुठून आणायचा मी? मी म्हटलं, गिफ्ट आहे. मग तेवढ्यानं बरं वाटेना म्हणून जोडलं, मुलगी आईकडून निघते तेव्हा आई देते. एडिथ सासूबाईंपेक्षा वयानं मोठीच असेल. पण ती झोळी सांभाळत उठली आणि तिनं वाकून त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बेबी तर पदर तोंडाला लावून आतच पळाली.

बस गेली. सासूबाई दाराशी उभ्या राहून बस वळेपर्यंत हात हलवत होत्या. मग वळल्या आणि माझ्या मनातलं ओळखल्यासारख्या म्हणाल्या, "सांग त्या कामताला. येऊ दे त्यांना. पावनेच हायत, चांगली मानसं हायत."

सातही घरांत बातमी माझ्याआधी पोचली. कुणीतरी ताशा काढला. आणि तेवढ्यात मला कामत साहेबांचा फोन आला. एडिथची औषधांची पिशवी आमच्याकडं राहिली होती. धक्क्याच्या फाटकावर सामान तपासताना तिच्या लक्षात आलं होतं. बोट संध्याकाळी सुटणार, रक्तदाबाच्या गोळ्या त्याच पिशवीत. पिशवी पाटाखालीच सापडली.

"मी जाते," मी म्हटलं.

"मी पन येतंय," सासूबाई म्हणाल्या. "पावनीचा औषध राहिला. आपनच हातानं देऊ." त्यांनी लुगडं नीटनेटकं केलं, केसांत ताजी वेणी माळली. लग्नाला निघाल्यासारख्या निघाल्या.

टॅक्सीनं फाटकाशी उतरलो. आतली काचेची इमारत लांबून चकाकत होती आणि तिच्यामागं बोट. फाटकावरच्या वॉचमनच्या छातीवर घाडगे असं नाव होतं. पन्नाशीचा, घाटावरचा माणूस. पिशवी बघताच त्यानं आतल्या पोऱ्याला हाक मारली आणि पिशवी बोटीकडं रवाना केली. एडिथ आत जाऊन बोटीवर चढली होती, तिला आता बाहेर येता येणार नव्हतं. सासूबाईंचा चेहरा जरा उतरला. पण पिशवी पोचली याचं समाधान होतं. आम्ही वळणार, तेवढ्यात त्या थबकल्या.

वॉचमनच्या टेबलाखाली पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं होतं. त्यात आमचे नारळ होते. त्यांवर मीच बांधलेली खणांची गाठोडी, जशीच्या तशी. तांदूळ खोक्याच्या तळाशी सांडले होते.

सासूबाई वाकल्या. एक गाठोडं उचललं, पाहिलं, परत ठेवलं.

घाडगे उठून उभा राहिला. "मावशी, तुमच्याकडच्याच का ह्या ओट्या?"

मी हो म्हटलं.

"नियम आहे, ताई. नारळ, फळ, धान्य, जमिनीतून आलेलं काही बोटीवर चालत नाही. मला टाकून द्यायला सांगितलं होतं." त्यानं आवाज खाली केला. "मला पण घरी बायको आहे, बहिणी आहेत. कचऱ्यात घालायला हात धजावला नाही. म्हणून बाजूला ठेवल्या."

"खण?" सासूबाईंनी विचारलं. "खण बी नाय नेता येत?"

घाडगेनं माझ्याकडं पाहिलं. उत्तर मी द्यावं, असं त्याला वाटत होतं. मी वाकून तळाचे तांदूळ गोळा करायला लागले.

"खण नेता आले असते, मावशी," तो म्हणाला. "पण बांधलेलं होतं ना. कोणी सोडून बघितलं नाही. घाईत होत्या सगळ्या. तसंच ठेवून गेल्या."

सासूबाई खोक्याकडं बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "हिरवा होता एक. लाल काठाचा."

"ती म्हातारी?" घाडगेचा चेहरा बदलला. "तिनं नेला. गळ्यात बांधून गेली. पण मावशी, काय सांगू, ती सोडायलाच तयार नव्हती. शर्टात धरून तशीच चालत आलेली, पोटाशी. सामान तपासायच्या मशीनपाशी बोटीवरच्या पोरीनं अडवलं, तर भांडली. नारळ ठेवावा लागला, तर तांदूळ खिशात भरले. ते पण काढायला लावले. मग रडली, इथं, या खुर्चीवर बसून."

सासूबाईंनी त्या खुर्चीकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर कौतुक होतं. परकी असून झगडली, याचं कौतुक. त्या क्षणी मला वाटलं, सगळं निभावलं. बाकीच्या दहा गेल्या खड्ड्यात, हिनं ओटीची लाज राखली.

"आणि हे तुम्हाला द्यायला सांगितलंय," घाडगे म्हणाला.

त्यानं खिशातून घडी केलेली नोट काढली. डॉलरची, मोठी.

"औषध घेऊन त्या आई आल्या तर त्यांना द्या, म्हणाली; बोटीवरच्या त्या पोरीनं मला हिंदीत सांगितलं. नारळाबद्दल. मी खुणेनं नको नको म्हटलं, पण मला कुठं इंग्रजी येतं एवढं. माझ्या मुठीत कोंबली आणि दोन्ही हातांनी मूठ दाबून धरली. लई तळमळून देत होती, मावशी. मनापासून."

नोट त्याच्या तळहातावर होती. सासूबाईंनी हात पुढं केला नाही. वाऱ्यानं घडी जराशी उलगडली, तशी घाडगेनं अंगठ्यानं दाबली.

"आई, नका घेऊ," मी म्हटलं. "आपण परत पाठवू. मी बोटीवर निरोप देते, तिला सगळं समजावून सांगते. तिला माहीत नव्हतं हो."

"म्हाईत हाय मना, तिला म्हाईत नव्हता," त्या म्हणाल्या. "ती वाईट नाय. वाईट असती तर फेकून गेली असती, दुसऱ्यांसारखी. तिला वाटला, हिचा नुसकान झाला. मंग भरून दिला तिनं." जरा थांबून म्हणाल्या, "चांगली हाय म्हनून तर दिला."

"मग परत पाठवू या ना."

"आनि काय सांगशील तिला?"

मनातल्या मनात इंग्रजीत वाक्य जुळवून बघितलं, पण कुठलंच सरळ लागेना.

सासूबाईंनी नोट घेतली. त्या घरात आल्यापासून मी त्यांना कुणा पाहुण्याचा पैसा हातात घेताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिची आणखी एक घडी घातली आणि कनवटीला खोचली.

"तिनं दिला, मी घेतला," त्या म्हणाल्या. "मिटला."

घाडगेनं खोकं पुढं सरकवलं. "हे नेता का मावशी?"

"भरलेली ओटी घरात परत घेतात का रं?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. मग लगेच खाली आला. "तुजी बायको हाय ना? तिला दे. वड्या करून पोरांना घाल. चांगलं निवडून आनलेलं नारल हायत."

आम्ही टॅक्सीत बसलो. गाडी गोदीच्या भिंतीच्या कडेकडेनं निघाली. भिंतीवरून बोटीचे वरचे मजले दिसत होते, कठड्यांशी माणसं उभी होती. त्यांतली एडिथ कुठली, ते कळणं शक्य नव्हतं. सासूबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. त्या हात मांडीवर ठेवून समोर बघत होत्या.

माझा जीव टांगणीला लागला होता. घरी सात बायका ताशा वाजवून आमची वाट पाहत असणार. आता सासूबाई दार बंद करणार. घरात गेल्या गेल्या सांगणार, पुन्हा कुणाला आणायचं नाही. त्यांनी तसं सांगितलं असतं, तर मी एका शब्दानं वाद घातला नसता. खोकं मीही पाहिलं होतं.

"पुढची बोट कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"किती जनं?"

"तेवढीच. पण तुमचं मन नसेल तर..."

"माज्या मनाचा काय त्यात?" त्या म्हणाल्या. "बेबीच्या घरात चूल पेटली, ती मी इजवू? येऊ दे त्यांना." मग थोडं अंतर गेल्यावर म्हणाल्या, "नारल मातूर आनू नको. खण बी नको. जेवतील नि जातील."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. हिवाळाभराचं काम पक्कं झालं होतं, वाडीची काळजी मिटली होती, माझी नोकरी टिकली होती. मी त्यांचा हात धरायला गेले. तो त्यांनी काढून घेतला नाही, पण माझ्या हातात तो नुसता पडून राहिला.

टॅक्सी वाडीच्या तोंडाशी वळली. ताशाचा आवाज ऐकू यायला लागला होता. सासूबाईंनी केसांतली वेणी काढून मांडीवर ठेवली.

"कुंदे," त्या म्हणाल्या, "एका ताटाचं किती देतात गो ते?"

मी आकडा सांगितला.

त्या मनाशी काहीतरी मांडत होत्या, बाजारात टोपलीपाशी बसून मांडायच्या तसं, ओठ हलवत.

"कमी हाय," त्या म्हणाल्या. "वाढवून माग."